तान्ह्याच्या जिभेवर पांढरे चट्टे, टाकणखार (बोरॅक्स) लावू का?

प्रश्न (सोलापूर): बाळ १८ दिवसांचं. जिभेवर, गालांच्या आत पांढरे चट्टे. सासूबाई टाकणखाराची लाही मधात कालवून लावायला सांगतात.

उत्तर १: नको ताई! टाकणखाराने बाळाला झटके येऊ शकतात, मधाने बोट्युलिझम (स्नायू लुळे पाडणारी गंभीर विषबाधा). ओल्या मऊ फडक्याने हलकेच पुसा. निघालं तर दूध. चिकटून राहिलं तर बुरशी. खरवडू नका, रक्त येतं.

उत्तर २: डॉक्टर बहुधा निस्टॅटिनचे (बुरशीवरचं औषध) थेंब देतात: साधारण १ मिली, दिवसातून ४ वेळा, अर्धं एकेका गालात. पाजल्यानंतरच घाला, नाहीतर दुधाबरोबर धुऊन जातं. चट्टे गेल्यावरही २ दिवस चालू ठेवा.

उत्तर ३: तुमच्या स्तनाग्रांवरही उपचार हवेत, नाहीतर लागण फिरत राहते. दूध पाजायची बोंडलं रोज उकळा. बाळ दूध ओढेना किंवा ताप आला, तर लगेच दवाखाना गाठा.