लसीची सक्ती, कोर्ट आणि लोकलचा पास

मंडळी नमस्कार,
परवा गणपतीच्या मीटिंगनंतर पार्किंगमध्ये विषय निघाला तो अर्धवट राहिला. माझं म्हणणं एवढंच की अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष बायडेन यांनी १०० माणसांच्या वरच्या कंपन्यांवर लादलेली कोविड लसीची सक्ती इथल्या सुप्रीम कोर्टाने उडवली, म्हणजे लस घ्यायला लावणं चूकच होतं. मुंबईत पण कोर्टाने तेच सांगितलं म्हणे. ताई, तू सध्या दादरला आहेस ना, लिही काहीतरी.
– काका, एडिसन (न्यू जर्सी)

---

काका नमस्कार,
आईच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी आलेय, रात्री जागीच असते, त्यामुळे जरा लांबलचक होईल, सांभाळून घ्या.

कोर्टाने लस चूक असं कुठेच म्हटलेलं नाही हो. बायडेन यांची ती सक्ती म्हणजे ओशाचा, अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा खात्याचा, नियम, ५ नोव्हेंबर २०२१ चा, साधारण ८.४ कोटी कामगारांना लागू होणार होता, लस घ्या नाहीतर मास्क लावा आणि दर आठवड्याला टेस्ट करा. दुसऱ्याच दिवशी न्यू ऑर्लीन्सच्या पाचव्या सर्किटने (केंद्राच्या अपील कोर्टाने) तो थांबवला, मग देशभरातल्या सगळ्या केसेस चिठ्ठी काढून सहाव्या सर्किटकडे गेल्या, त्यांनी डिसेंबरमध्ये स्थगिती उठवली, आणि १३ जानेवारी २०२२ ला सुप्रीम कोर्टाने ६-३ ने परत थांबवला. कारण काय दिलं? ओशाला अधिकार दिलाय तो कामाच्या जागेवरच्या धोक्यांपुरता, आणि कोविड घरी, शाळेत, मॅचला, सगळीकडेच होतो. म्हणजे प्रश्न हा अधिकार ओशाचा आहे का, एवढाच. त्याच दिवशी त्याच कोर्टाने मेडिकेअर-मेडिकेड या सरकारी आरोग्य विम्याचे पैसे घेणाऱ्या हॉस्पिटलांमधल्या स्टाफची सक्ती ५-४ ने चालू ठेवली! लसच चुकीची असती तर नर्सला कशी चालली असती? आणि कंपनीने स्वतःहून घातलेली अट तर त्या निकालात नव्हतीच.

आता मुंबई. इथे लोकल सामान्य माणसांना बंदच होती, ती १५ ऑगस्ट २०२१ ला उघडली पण फक्त दोन डोस होऊन १४ दिवस झालेल्यांना. आईकडे कामाला येणाऱ्या मावशी अंबरनाथच्या. १८ च्या वरच्यांना फुकट लस सुरू झाली जूनच्या शेवटी, त्यांना पहिला डोस मिळाला जुलैत, तोही तीन वेळा रांगेतून परत आल्यावर. कोविशील्डचं अंतर ८४ दिवसांचं, त्यावर आणखी १४, म्हणजे ऑक्टोबर उजाडला. बाईने नाही म्हटलंच नव्हतं हो लसीला! तेवढ्या काळात एका घराने दुसरी बाई ठेवली, आई पगार देत राहिली म्हणून निभावलं. मला राग येतो तो ह्याचा. साहेब लोक घरून काम करत होते, आणि लोकलशिवाय ज्यांची चूल पेटत नाही त्यांच्यावर सगळा भार.

लोकलच्या ह्या अटीविरुद्ध मुंबई हायकोर्टात याचिका झाल्या. फेब्रुवारी २०२२ मध्ये मुख्य न्यायमूर्ती दीपांकर दत्ता यांच्या खंडपीठाने सांगितलं की तेव्हाचे मुख्य सचिव सीताराम कुंटे यांनी काढलेले आदेश आपत्ती व्यवस्थापन कायद्याच्या ठरलेल्या पद्धतीने निघालेलेच नाहीत. इथेही मुद्दा पद्धतीचा. सरकारने मार्चमध्ये नव्या आदेशात अट परत ठेवलीच, मग २ एप्रिलला, पाडव्याला, सगळे निर्बंध उठले. आणि २ मे २०२२ ला दिल्लीत सुप्रीम कोर्टाने म्हटलं की कुणाला जबरदस्तीने लस टोचता येणार नाही, सरकारला बंधनं घालता येतात पण ती प्रमाणात हवीत, आणि तेव्हाचा संसर्ग बघता ती प्रमाणात नाहीत. लसीच्या धोरणाला मात्र हात लावला नाही.
– दादरहून

---

ताई, हॉस्पिटलवाली ५-४ ची गोष्ट माझ्या खरंच लक्षात नव्हती, मानलं. पण मग अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टातल्या १९०५ च्या जेकबसन केसचं काय, तिथे देवीची लस न घेतल्याबद्दल ५ डॉलर दंड कायम ठेवलेला ना?
– काका

---

हो काका, पण तो राज्याच्या कायद्याखालचा दंड होता, केंद्राच्या खात्याचा नियम नव्हता, आणि नोकरी किंवा प्रवास बंद केला नव्हता. मला तर मेघालय हायकोर्टाचं जास्त पटलं, जून २०२१ चं. तिथे दुकानदार, टॅक्सीवाले यांना लस घेतल्याशिवाय धंदा करता येणार नाही असे आदेश निघाले होते. कोर्ट म्हणालं रोजीरोटी अडवू नका, पण दुकानावर, गाडीवर लस घेतली की नाही ते लिहून लावा, गिऱ्हाईक ठरवेल. शिवाय ओशाने निदान टेस्टचा पर्याय ठेवला होता, आपल्या लोकलला तोही नव्हता. आठवड्याला एक टेस्ट चालली असती तर मावशींचं ते घर सुटलं नसतं.

आत्ता सकाळी त्यांना विचारलं हे सगळं आठवतं का, तर त्यांनी पर्समधून सर्टिफिकेट काढून दाखवलं, लॅमिनेट केलेलं, पासच्या मागे अजून तसंच ठेवलंय. म्हणाल्या, परत मागितलं तर.
– दादरहून