बाळू नावाच्या माणसानं सी.ए. असू नये का?

तांबडा_पांढरा

माझं नाव बाळू. टोपणनाव नव्हे, दाखल्यावरचं. भुदरगड तालुक्यातल्या आमच्या गावात वडील मला शाळेत घालायला घेऊन गेले. गुरुजींनी विचारलं, "पोराचं नाव काय?" वडील म्हणाले, "बाळूच म्हणतोय की आम्ही." झालं. जन्मतारीखही त्याच बैठकीत १ जून ठरली. आई म्हणते, तू बेंदराच्या आदल्या दिवसाचा.

शाहूपुरीत माझं ऑफिस आहे, चौदा वर्षं झाली. पाटीवर 'सी.ए. बी. डी.' आणि पुढं आडनाव. गेल्या महिन्यात शिरोली एमआयडीसीतल्या एका फाउंड्रीवाल्याचा मुलगा पहिल्यांदाच आला, सव्वानऊला. स्टाफ यायचा होता. मी बाह्या मागं सारून पाण्याचा जार उलटा करत होतो. तेवढ्यात खालनं वॉचमनमामा ओरडले, "बाळूऽऽ, तुझं कुरिअर आलंय रं!" मामा आमच्याच भागातले, त्यांना मी बाळूच.

पोरगा सोफ्यावर बसला होता. मोबाइलमधनं मान वर न काढता म्हणाला, "बाळू, साहेब किती वाजता येतात? आणि एक बिनसाखरेचा सांग."

मी सांगितला. खरंच सांगितला. चहा आल्यावर केबिनमध्ये जाऊन बसलो आणि त्याला आत बोलावलं. बिचाऱ्याचा चेहरा बघवेना. नंतर अर्ध्या तासात त्यानं मला इतक्या वेळा 'सर' म्हटलं की मलाच कसंतरी झालं. संध्याकाळी त्याच्या वडिलांचा फोन. "पोरगं ल्हान हाय, मनावर घेऊ नका बाळासाहेब."

आता ऑफिस मोठ्या जागेत हलतंय, नवा बोर्ड व्हायचाय. बायको म्हणते, ह्या निमित्तानं राजपत्रात 'बालकृष्ण' करून टाका. आई म्हणते, कर की, पण मी हाक मारल्यावर ओ कोण देणार?

हे सगळं सोडून दिलं असतं. पण मागच्या आठवड्यात आर्टिकलशिपसाठी, म्हणजे सी.ए. व्हायच्या आधीच्या उमेदवारीसाठी, दोन पोरांचे बायोडेटा आले. एक अथर्व, एक केरबा. मी अथर्वचा आधी उघडला. का, तर काही कारण नाही. केरबाचा दुसऱ्या दिवशी बघितला, तर सी.ए.च्या इंटर परीक्षेचे दोन्ही ग्रुप पहिल्या झटक्यात. अथर्वला तीन लागले होते. बाळू नावाच्या माणसानं हे करावं!

तुमच्याकडं असं काही झालंय? नाव बदललेल्यांना खरंच फरक पडला का?

निवृत्त_बाई

मी तीस वर्षं शाळेत हजेरी घेतली, त्यामुळं बोलते. केरबा, दगडू, धोंडू, भिकाजी ही नावं लोकांना अडाणीपणाची वाटतात. आधीची मुलं जगली नाहीत की पुढच्याचं नाव असं ठेवायचे, म्हणजे दृष्ट लागणार नाही, मरण त्याला केर समजून बाजूला ठेवील. माझ्या आजीनं दोन मुलं गेल्यावर तिसऱ्याला दगडू म्हटलं. तो चुलता ब्याऐंशी वर्षं जगला. त्या नावात गरिबीपेक्षा धास्ती जास्त आहे.

मुलींचं मात्र वेगळं. 'नकुशी' हे नाव दृष्ट काढायला नव्हतं, ती खरोखरच नको असायची. आपल्या शेजारी साताऱ्यात २०११ मध्ये जिल्हा परिषदेनं अशा २८५ मुलींना कार्यक्रम घेऊन नवी नावं दिली. तेव्हा मला माझ्या वर्गातल्या दोघी आठवल्या. मी त्यांची हजेरी रोज त्याच नावानं घेतली होती आणि मला त्यात काही खटकलं नव्हतं.

आणखी एक, आता लपवण्यात अर्थ नाही. आमच्या स्टाफरूममध्ये डॉक्टरांचा मुलगा 'संजय' असायचा आणि त्याच बाकावरचा हमालाचा मुलगा 'संज्या'. 'सुमन' आणि 'सुमी' तसंच. असा काही नियम नव्हता, तोंडातून आपोआप यायचं.

गंगावेस_पैलवान

बाळूशेठ, त्या फाउंड्रीवाल्यानं तुमाला संध्याकाळी 'बाळासाहेब' केलं, हितंच सगळं आलं बघा! बाळू आणि बाळासाहेब, दोन्ही पाळण्यातलीच नावं. मधी फरक फकस्त कारखान्याला किती टन ऊस जातो त्याचा. आप्पा आणि आप्पासाहेब, आबा आणि आबासाहेब, समदं तसंच. ज्याचा ऊस जास्त त्याला साहेब फुकट.

आणि आद्याक्षरांची लाज कसली? डी. वाय. पाटील, एन. डी. पाटील, ह्या जिल्ह्यात दोन अक्षरांवर माणसं वळखतात. पूर्ण नाव इचारलं तर निम्मी जनता गप्प बसंल. बाबूराव पेंटरांचं आडनाव मेस्त्री. लोकांनी कामावरनं पेंटर म्हणलं आणि तेच मोठं झालं. खुद्द शाहू महाराज कागलचे यशवंतराव घाटगे, १८८४ ला दत्तक आले तवा शाहू झाले. नाव बदललं म्हणजे काय पाप न्हाई. पण एका बिनसाखरेच्या चहापायी बदलू नका राव. तो चहा मात्र बिलात धरा.

पंचगंगाकाठ

वरच्या गमतीत सामील व्हायला आवडलं असतं.

माझ्या पणजोबांचं नाव कचरू. ते दृष्टीसाठी होतं की गावानं दिलं होतं, घरात कुणाला माहीत नाही. १९५६ नंतर आमच्या घरातली नावं बदलली. वडील मिलिंद, आत्या सुजाता, मी सिद्धार्थ. अर्थानं बघाल तर ह्याहून चांगली नावं कुठली? कोल्हापुरात नोकरी लागल्यावर खोली बघत होतो. मालकीणबाई बोलायला छान, चहा झाला, डिपॉझिट ठरलं. मग म्हणाल्या, "नाव राहिलंच की विचारायचं." मी सिद्धार्थ म्हटलं. त्यांनी "बरं, पुढं?" म्हणून आडनाव विचारलं. मी सांगितलं. मग त्यांना एकदम आठवलं की पुतण्या शिकायला येणार आहे.

सिद्धार्थ नावाचा माणूस कुठल्याही घरात असू शकतो, म्हणून आडनाव लागतं. तुम्ही बालकृष्ण झालात तर तो मुलगा तुम्हाला चहा सांगणार नाही, एवढं नक्की. माझ्या बाबतीत बदलायला काही उरलेलं नाही. तुमच्या केरबाचं तेवढं बघा.

फक्त_कामाचं

बदलायचंच असेल तर शपथपत्र, राजपत्रासाठी ऑनलाइन अर्ज, प्रसिद्ध झालं की आधार, पॅन, बँक आणि तुमच्या संस्थेकडं सभासद नोंद. पॅन आणि आधारवर नाव जुळायला हवं, हे सी.ए.ला मी काय सांगायचं.

तांबडा_पांढरा

बाई, तुमच्या दगडूकाकांचं वाचून आईला विचारलं. माझ्या आधी एक गेला होता म्हणे. त्याचं बारसं झालं होतं, नाव मोठं छान ठेवलेलं. माझ्या वेळी कुणी बारसंच केलं नाही, नुसतं बाळ, बाळू. एवढ्या वर्षांत हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

सिद्धार्थ, तुम्हाला काय लिहावं सुचत नाही. वाचलं, दोनदा.

केरबा सोमवारी येऊन गेला. गडहिंग्लजकडचा, बोलायला तिखट. जाताना दारात थांबून विचारलं, "सर, बी. डी. म्हणजे काय?" सांगितलं. हसला नाही. "मग तेवढंच का लिवलंय?" म्हणाला.

एक तारखेपासून रुजू होतोय. बोर्डवाला अक्षराला पैसे घेतो, 'बाळू'ला दोनच लागतात. त्याला उद्या फोन करतो.