नव्या ब्लॉकात जुन्या फाइलचा मजकूर

प्रश्न: शिकण्यासाठी लिनक्सवर छोटी फाइल सिस्टीम लिहितोय, ब्लॉक (डिस्कवरच्या जागेचा ठरावीक तुकडा) ४०९६ बाइटचा. रिकाम्या फाइलमध्ये ५०००व्या बाइटपासून १०० बाइट लिहिले, तर त्याआधीच्या जागेत डिलीट केलेल्या फाइलच्या ओळी दिसतात! ब्लॉक नंबर बरोबर आहे, छापून पाहिला.

उत्तर १: गेट_ब्लॉकमध्ये (फाइलचा भाग डिस्कवरच्या कुठल्या ब्लॉकात ते सांगणारं तुमचं फंक्शन) मॅप_बीएचनंतर (तो ब्लॉक नंबर नोंदवणारा कॉल) सेट_बफर_न्यू (ब्लॉक नुकताच घेतलाय अशी खूण) आहे का? नसेल तर कर्नल (लिनक्सचा गाभा) ब्लॉक जुनाच धरतो आणि अर्धवट राइटसाठी, म्हणजे ब्लॉकचा काही भागच लिहायचा असेल तर, आधी डिस्कवरून वाचतो. न्यू असेल तर उरलेली जागा शून्यांनी भरतो. आधीच मॅप असलेल्या ब्लॉकला मात्र हे अजिबात लावू नका, चांगला डेटा जाईल.

प्रश्नकर्ता: लावलं. हेक्सडंपमध्ये (फाइलचे बाइट आकड्यांत दाखवणारं टूल) आता शून्यं. मनापासून आभार!

उत्तर २: राइट मध्येच फसला तर आय_साइझपुढचे (फाइलच्या नोंदलेल्या आकारापलीकडचे) ब्लॉक परत सोडता ना? तेही तपासा.