मदत हवी आहे : विष्णुपूर, कालना, मुर्शिदाबाद, आठवडाभरात काय ठेवू, काय गाळू?

नमस्कार मंडळी,

जानेवारीत आई-बाबांना घेऊन पश्चिम बंगालला जायचं ठरतंय. आम्ही नागपूरचे, त्यामुळे गीतांजली एक्स्प्रेसमध्ये बसलं की थेट हावडा. कोलकात्याची चिंता नाही, त्यावर इथे भरपूर लिहिलं गेलंय. माझा प्रश्न कोलकात्याबाहेरचा आहे. टेराकोटाची देवळं नीट बघायची आहेत. फोटो काढले आणि पुढच्या देवळाला पळालो, असं नको. एका भिंतीसमोर तासभर उभं राहायला आम्ही तिघंही तयार आहोत. बाबांना फक्त मधे टेकायला जागा लागते, गुडघे कुरकुरतात. सत्तरी ओलांडली आहे, पण इतिहास म्हटला की त्यांना वेळेचं भान राहत नाही.

विष्णुपूर पक्कं आहे, ते कुणी गाळायला सांगू नका! बांकुडा जिल्ह्यातलं हे मल्ल राजांचं गाव. राजा वीर हंबीराच्या माणसांनी वृंदावनाहून येणाऱ्या वैष्णव पोथ्यांच्या गाड्या लुटल्या. त्या पोथ्यांच्या मागावर श्रीनिवास आचार्य दरबारात आले आणि राजाच त्यांचा शिष्य झाला, अशी परंपरा सांगते. पुढची दीडशे वर्षं या घराण्याने कृष्णाची देवळं बांधली. 1600 सालचा रासमंच, 1643 चं श्यामराय, 1655 चं जोडबांगला, 1694 चं मदनमोहन. रासमंचात कायमची मूर्तीच नाही. रासोत्सवाला गावातले सगळे राधाकृष्ण तिथे आणून मांडत, आणि ही प्रथा 1932 पर्यंत चालली. एवढी मोठी वास्तू फक्त देवांच्या भेटीगाठींसाठी उभारावी, हे मला फार आवडलं.

आपल्याकडे काळा पाषाण हाताशी, म्हणून हेमाडपंती देवळं दगडात. तिकडे नद्यांनी आणलेला गाळ, म्हणून देव, घोडे, नावा, शिकारी सगळं मातीत घडवून भाजलेलं. छपराचा आकारही गवताने शाकारलेल्या झोपडीचा, पाऊस वाहून जावा म्हणून कडा खाली वळलेल्या. जोडबांगला म्हणजे अशा दोन झोपड्या पाठीला पाठ लावून उभ्या, आणि वर मधोमध एक छोटं शिखर. हाच बाक पुढे मुघल आणि राजपूत वाड्यांवर गेला. श्यामरायच्या भिंतीवर रासमंडळाचं एक चक्र आहे. मधे राधाकृष्ण, भोवती हातात हात घालून नाचणाऱ्यांची वर्तुळं, एकात एक. त्याचे जवळून काढलेले फोटो पाहिल्यापासून आईने दुसरं काही बोलायचंच सोडलंय.

गाडी अडते ती इथून पुढे. यादीत अंबिका कालना आहे, तिथली 108 शिवमंदिरं आणि राजबाडीच्या (राजवाड्याच्या) आवारातली देवळं. मुर्शिदाबाद आहे : हजारदुआरी (नवाबांचा राजवाडा), कटरा मशीद, खुशबाग (नवाबांच्या कबरींची बाग). अझीमगंजजवळ बडनगरला राणी भवानीचं चारबांगला आहे. शांतिनिकेतन 2023 मध्ये जागतिक वारशात गेलं, म्हणून तिथेही जा असं सगळे सांगतात. एवढं सगळं केलं तर नुसती धावपळ होईल. तुम्ही काय गाळाल? आणि विष्णुपुराहून गंगेकडे (तिकडे भागीरथी म्हणतात) यायचं ते गाडीने की रेल्वेने?

दुसरं म्हणजे, भिंतीवरचे प्रसंग समजावून सांगणारा माणूस विष्णुपुरात मिळतो का? जोडबांगलावर शरपंजरी भीष्म आहे, तो एक ओळखता येईल. बाकी शेकडो पट्ट्यांचं काय? हिंदीत सांगणारा असला तरी पुरे.

तिसरा प्रश्न थोडा वेगळा आहे. विष्णुपुरात दलमादल नावाची अजस्र तोफ आहे. 1742 मध्ये बर्गी चालून आले तेव्हा राजा गोपालसिंहाने लोकांना हरिनाम घ्यायला सांगितलं आणि मदनमोहनाने स्वतः ही तोफ डागली, अशी तिथली श्रद्धा. ते बर्गी म्हणजे आमच्या रघूजी भोसल्यांची फौज, नागपुरातून गेलेली. शाळेत आम्ही बंगालच्या स्वाऱ्या आणि चौथाई एवढंच शिकलो. जाळलेली गावं, पळालेले विणकर, गंगेपलीकडे जीव घेऊन गेलेली माणसं, हे कुणी शिकवलं नाही. मला हे टाळून फिरायचं नाही. त्या स्वाऱ्यांच्या खुणा कुठे बघता येतील? आणि कुणी विचारलं तर नागपूरचे आहोत हे सांगताना तिथल्यांना कसं वाटतं?

प्रतिसाद – हुगळीकाठ

नोकरीमुळे बरीच वर्षं कोलकात्यात आहे, तेव्हा मार्गाचं मी सांगतो.

शांतिनिकेतन गाळा. जागा सुंदर आहे, पण तिचा विषय वेगळा, तिच्यासाठी वेगळी सहल काढा. हावड्याहून आधी विष्णुपूर, तिथे दोन मुक्काम. गावात टोटो मिळते (बॅटरीवरची रिक्षा), दिवसभरासाठी ठरवून टाका, बाबांना चालावं लागणार नाही. रासमंचावर घेतलेलं तिकीट जोडबांगला आणि श्यामरायलाही चालतं, जपून ठेवा. आणि एक कराच : तीच भिंत सकाळी आणि उन्हं कलल्यावर, दोनदा बघा. डोक्यावर ऊन असताना नक्षी सपाट दिसते, तिरप्या उन्हात एकेक बोट उठून दिसतं.

विष्णुपुराहून भाड्याच्या गाडीने बर्धमानमार्गे कालना. बर्धमानला सीताभोग आणि मिहिदाना खायला थांबा. कालन्याची 108 शिवमंदिरं बर्धमानच्या महाराजा तेजचंद्रांनी 1809 मध्ये बांधली. दोन वर्तुळं आहेत, बाहेर 74 आणि आत 34. बाहेरच्या वर्तुळात एक पिंड काळी, एक पांढरी, आतल्या सगळ्या पांढऱ्या. सगळं सपाटीवर, गुडघ्यांना त्रास नाही. रस्ता ओलांडला की राजबाडीचं आवार. तिथलं 1849 चं प्रतापेश्वर लहानसंच आहे, पण घाईने बघू नका. विष्णुपूरनंतर दोनशे वर्षांनी ही कला कुठे पोचली, ते तिथे कळतं.

तिथून रेल्वे नदीला धरून वर जाते : नवद्वीप, दाँईहाट, काटवा, पुढे अझीमगंज. काटव्याला गाडी बदलावी लागेल. अझीमगंजहून टोटोने बडनगर. चारबांगला म्हणजे एका चौकाभोवती समोरासमोर चार देवळं, अठराव्या शतकातली. हजारदुआरी आणि हे यातलं एकच निवडायचं असेल, तर मी डोळे मिटून बडनगर म्हणेन. मग नावेने पलीकडे जियागंज, तिथून मुर्शिदाबाद जवळच. परतीला हजारदुआरी एक्स्प्रेस किंवा भागीरथी एक्स्प्रेस. राजवाड्याचं संग्रहालय शुक्रवारी बंद असतं, वार बघून आखा.

प्रतिसाद – जुनी कागदपत्रं

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. तुमची काटव्याची रेल्वे नेमकी त्याच भागातून जाते. 1742 चा पावसाळा रघूजींचे सेनापती भास्करराम कोल्हटकर (तिकडे भास्कर पंडित) यांनी काटव्याला छावणी करून काढला आणि दाँईहाटला दुर्गापूजा मांडली. पूजा चालू असतानाच बंगालचा नवाब अलीवर्दीखान याने नदी ओलांडून छापा घातला आणि मराठ्यांना पळावं लागलं. पुढे मार्च 1744 मध्ये मनकऱ्याला बोलणीसाठी म्हणून तंबूत बोलावून त्याने भास्कररामांना सरदारांसकट मारलं. शेवट 1751 च्या तहात झाला : वर्षाला बारा लाख चौथाई आणि ओडिशावर भोसल्यांचा ताबा.

खुशबागेत अलीवर्दी आणि सिराजुद्दौला दोघांच्या कबरी आहेत, नदीपलीकडे, शांत बागेत. हा इतिहास मनात घेऊन जाणार असाल तर ती जागा चुकवू नका. कटरा मशिदीत मुर्शिदकुलीखानाची (बंगालचा पहिला नवाब) कबर थेट जिन्याखाली आहे. येणाऱ्यांची पावलं आपल्यावरून जावीत ही त्याची इच्छा होती, असं सांगतात. 1897 च्या भूकंपात मशिदीची बरीच पडझड झाली.

कोलकात्यातही एक खूण आहे. बर्ग्यांच्या धास्तीने 1742 मध्ये शहराभोवती खंदक खणायला घेतला, तो पुरा झालाच नाही. खंदक कधीच बुजला, पण बागबाजारात मराठा डिच लेन अजून आहे.

प्रतिसाद – बांकुड्याची सून

माझं माहेर सांगलीचं, सासर बांकुड्याचं. सासूबाई नातवाला झोपवताना बर्गी आले म्हणून अंगाई म्हणायच्या, तेव्हा मी पहिल्यांदा ऐकलं आणि गप्पच झाले. त्यांनीच पाठीवरून हात फिरवला. म्हणाल्या, तुझा काय दोष ग त्यात? तुम्ही खुशाल नागपूरचं नाव सांगा. लोक राग धरत नाहीत, उलट बसवून चहा देतील आणि दलमादलची गोष्ट पहिल्यापासून ऐकवतील. बाबांना आवडेल.

सांगणारा माणूस रासमंचाच्या तिकीटखिडकीपाशी विचारा. हिंदी येणारे मिळतात, पण बसून सावकाश सांगायचं हे आधी बोलून घ्या, नाहीतर पाठ केलेलं म्हणून मोकळे होतात.

आणि दशावतार ताश बघायला विसरू नका. सावंतवाडीच्या गंजिफासारखे गोल पत्ते, दहा अवतारांचे बारा बारा, एकूण 120. बुद्धाच्या जागी जगन्नाथ असतो. ते करणारं एकच घराणं गावात उरलंय. कापडाच्या थरांना चिंचोक्याची खळ लावून पत्ता तयार होतो, तो हातात घेऊन बघा. बालुचरी साडी घ्यायची असेल तर दुकानाआधी एखाद्या विणकराच्या घरी माग बघा, पदरावर देवळातलेच प्रसंग विणलेले असतात.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. शांतिनिकेतन गाळलं. हजारदुआरी बाहेरूनच बघू, तो वेळ बडनगर आणि खुशबागेला. सावंतवाडीचा गंजिफा आमच्या घरी आहे, तो सोबत नेते आणि विष्णुपुरात त्या कारागिरांना दाखवते.

बाबांचा आता हट्ट आहे की दाँईहाटला उतरायचंच. मूर्तिकार नवीन भास्कर तिथलेच, ज्यांनी दक्षिणेश्वरची कालीमूर्ती घडवली, हेही त्यांनी शोधून काढलंय. तेव्हा एवढंच उरलं : त्या अर्धवट राहिलेल्या पूजेची जागा आज गावात दाखवतात का, आणि स्टेशनवरून टोटो मिळते का? अलीकडे कुणी जाऊन आलं असेल तर कृपया लिहा.