मदत हवी आहे : जिप्सीला इलेक्ट्रिक पंखे बसवले, आता चावी बंद केली तरी इंजिन लगेच थांबत नाही

मंडळी, गाडी मारुती जिप्सी, १९९८ ची, १.३ लिटर, कार्ब्युरेटरवाली. मुक्काम नागपूर.

इंजिनावरचा पट्ट्याचा पंखा काढून रेडिएटरच्या मागे दोन दहा इंची इलेक्ट्रिक पंखे लावलेत. "काहून काढला बे चांगला पंखा?" असं विचारणारे येतीलच, म्हणून आधीच सांगतो. व्हरायटी चौकात सिग्नलला उभं राहिलं की तापमानाचा काटा चढायचा, वर्धा रोडला लागून गाडी पळाली की उतरायचा. रेडिएटर खोलून रॉड मारून झाला, कॅप बदलली, थर्मोस्टॅट नवा ८२ अंशांचा टाकला. पंख्याचं व्हिस्कस कपलिंग (गरम झालं की पंख्याला इंजिनाशी घट्ट जोडणारा भाग) गेलेलं होतं, इंजिन गरम असतानाही पंखा बोटाने गरगर फिरायचा. इथला मे महिना बाहेरच्यांना सांगून पटत नाही. २३ मे २०१३ ला नागपुरात ४७.९ अंश नोंदले गेले होते, आणि ते सावलीतले. डांबरावर उभ्या गाडीच्या बोनेटखाली काय होत असेल ते तुम्हीच बघा.

वायरिंग एका इलेक्ट्रिशियनकडून करून घेतलं. एकच रिले (थोड्या करंटवर मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), त्यावर दोन्ही पंखे, पाणी तापलं की पंखे लावणारा थर्मो स्विच रेडिएटरच्या खालच्या टाकीत. आता त्रास असा :

पंखे फिरत असताना चावी बंद केली की इंजिन दोन-तीन सेकंद अडखळत चालत राहतं आणि मग मरतं. पंखे बंद असतील तर झटकन बंद होतं. हा प्रकार आधी कधीच नव्हता.

रिलेचं सॉकेट ३० नंबरच्या पिनेपाशी (पंख्यांचा करंट जिथे आत येतो) तपकिरी झालंय, प्लॅस्टिक वितळल्याचा वास येतो. आयडलला बॅटरीवर १३.८ व्होल्ट, पंख्याच्या कनेक्टरवर ११.२. शिवाय काटा अजूनही सिग्नलला थोडा चढतोच, पूर्वीइतका नाही.

इलेक्ट्रिशियन म्हणतो, "कार्ब्युरेटर सेट करून घ्या, डिझेलिंग आहे." म्हणजे ठिणगी बंद झाल्यावरही इंजिन आपल्या उष्णतेवर चालत राहतं. मला पटत नाही. पंख्याचा आणि कार्ब्युरेटरचा काय संबंध?

प्रतिसाद – जुनाट जिप्सी
भाऊ, राग मानू नका, पण कपलिंग बदललं असतं तर हा धागाच निघाला नसता. मारुतीच्या एस्टीमला हेच १.३ चं इंजिन होतं, पण आडवं बसवलेलं, म्हणून तिला इलेक्ट्रिक पंख्याशिवाय गत्यंतर नव्हतं. जिप्सीचं इंजिन गाडीच्या लांबीत उभं, पंखा सरळ रेडिएटरसमोर येतो, कंपनीने तो उगाच ठेवलेला नाही. अर्थात आता बसवलेच आहेत तर राहू द्या. पावसाळ्यात नाल्यातून गाडी घालताना पंखा बंद करता येतो, हा फायदा मात्र खरा.

प्रतिसाद – बारा व्होल्ट
डिझेलिंग असतं तर पंखे बंद असतानाही झालं असतं. तुमच्या रिलेच्या ३० नंबरला करंट कुठून घेतलाय ते बघा. माझी पैज, इग्निशनच्या वायरवरून, म्हणजे चावी लावल्यावरच करंट येतो त्या वायरवरून घेतलाय.

होतं काय, चावी बंद केली तरी पंखा लगेच थांबत नाही, जोरात फिरत असतो. बाहेरून करंट न मिळता फिरणारी मोटार म्हणजे डायनामो. ती जे व्होल्टेज तयार करते ते अजून न सुटलेल्या रिलेतून उलटं इग्निशनच्या वायरवर येतं. त्याच वायरवर इग्निशन कॉइल आहे, त्यामुळे ठिणगी पडत राहते, आणि रिलेच्या कॉइललाही तिथूनच करंट, म्हणून रिलेही सुटत नाही. पंखा मंदावला, व्होल्टेज पडलं, रिले सुटला, इंजिन मेलं. ही दोन-तीन सेकंदं त्यातच जातात.

पडताळायचं असेल तर पंखे फिरत असताना रिले उपटा आणि लगेच चावी बंद करा. इंजिन त्याच क्षणी थांबलं तर प्रश्न मिटला.

सॉकेट वितळतंय ते दोन पंख्यांचा भार एकाच पिनेवर असल्यामुळे. शिवाय हा सगळा करंट इग्निशन स्विचमधून जातोय. स्विच आतून जळायला वेळ लागणार नाही, तो आधी बदला म्हणत नाही, पण पंखे त्याच्यावरून आजच काढा.

धागाकर्ता
पैज जिंकलात. ३० ची वायर स्टिअरिंगखालच्या गुच्छातून आली आहे, दीड स्क्वेअर एमएमची, मध्ये फ्यूज नाही. रिले उपटून चावी बंद केली, इंजिन तिथल्या तिथे थांबलं. मग रिले परत लावून त्या वायरवर टेस्ट लॅम्प धरला. चावी बंद केल्यावर दिवा हळूहळू मंद होत विझला, आणि तो विझला तेव्हाच इंजिन बंद पडलं. कार्ब्युरेटरला हात लावला नाही हे बरं झालं.

आता नवीन वायरिंग नक्की कसं करू?

प्रतिसाद – बारा व्होल्ट
दोन पंखे, दोन रिले, दोन फ्यूज. एका रिलेवर दोन पंखे लादू नका. एक गेला तरी दुसऱ्यावर घरी येता आलं पाहिजे.

बॅटरीच्या प्लसवरून सरळ ४ स्क्वेअर एमएमची वायर प्रत्येक रिलेच्या ३० ला. फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतरातच हवा, कारण तो पंख्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. बॅटरी ते फ्यूज हा तुकडा चेसिसला घासला तर वाचवायला कोणी नाही. ८७ वरून, म्हणजे करंट बाहेर पडतो त्या पिनेवरून, पंख्याला. पंख्याची मायनसही तितकीच जाड, रंग खरवडून बॉडीला किंवा सरळ बॅटरीच्या मायनसला. लोक प्लस जाड घेतात आणि अर्थला उरलीसुरली वायर लावतात, मग व्होल्ट तिथे जातात.

८६ आणि ८५ या रिलेच्या कॉइलच्या पिना. ८६ ला इग्निशनचा करंट, ८५ थर्मो स्विचमधून अर्थ. रिलेची कॉइल जेमतेम ०.१५ ते ०.२ अँपिअर खाते, तेवढं इग्निशन स्विचला जड नाही. ८७ए पिनेला काही जोडू नका. लग (वायरीच्या टोकाची धातूची पिन) चांगल्या क्रिम्परने दाबा, पकडीने चेपलेला लग उन्हाळ्यात ढिला पडतो आणि तुमच्यासारखं सॉकेट भाजतं.

फ्यूज किती अँपिअरचा ते डीसी मोजणाऱ्या क्लॅम्प मीटरने ठरवा. सुरू होताना पंखा दुप्पट-तिप्पट खेचतो, ते क्षणभरच. फिरायला लागल्यावर १२ अँपिअर घेत असेल तर २० चा पुरे.

प्रतिसाद – जुनाट जिप्सी
८६ चा करंट बॅटरीवरून दिला तर चालेल का? गाडी बंद झाल्यावरही पंखा थोडा वेळ चालेल, बरं नाही का?

प्रतिसाद – बारा व्होल्ट
इंजिन बंद म्हणजे वॉटर पंप बंद. पंखा फक्त रेडिएटरमधलं पाणी गार करत बसेल, ब्लॉकमधलं तिथेच राहील. फायदा थोडा, बॅटरी जास्त. मी देत नाही.

धागाकर्त्यांना अजून एक. थर्मो स्विच एकवायरी असेल तर तो आपल्या आट्यांमधूनच अर्थ घेतो. गळतीसाठी टेफ्लॉन टेप भरमसाट गुंडाळली असेल तर अर्थ तुटतो. आणि काटा अजून चढतोय म्हणता, तर पंख्यांची दिशा तपासा. इंजिन बंद, पंखे चालू, ग्रिलसमोर वर्तमानपत्राचा तुकडा धरा. तो जाळीला चिकटला पाहिजे.

धागाकर्ता
डावीकडे चिकटला. उजवीकडे उडून पायाशी पडला! एक पंखा हवा ओढून राहिलाय, दुसरा तीच परत पुढे ढकलून राहिलाय.

प्रतिसाद – बारा व्होल्ट
दोन्ही पात्यांचा बाक सारखा आहे का ते आधी बघा. सारखा असेल तर उजव्याच्या दोन वायरी अदलाबदल करा, झालं. बाक उलटा असेल तर ते पातं पुढून ढकलण्यासाठी बनवलंय, मोटार उलटी फिरवून हवा ओढेल पण जोर कमी. मग पंखा बदलूनच घ्या, नवतपा लागायच्या आत.