मदत हवी आहे: बॅक पाममधून दोन-दोन पत्ते निघतात

पत्तेवाला: फिस्म या जागतिक जादू स्पर्धेच्या आशिया फेरीसाठी पत्त्यांचा अ‍ॅक्ट बसवतोय. फॅन (हातात पंख्यासारखे पसरलेले पत्ते) छान उघडतात, पण बॅक पाममधून, म्हणजे हाताच्या मागे लपवलेल्या गठ्ठ्यातून, एकेक पत्ता काढताना मध्येच दोन निघतात. व्हिडिओची मुदत तोंडावर आहे, लवकर सांगा.

चौकटराणी: पत्ते कुठले, एका वेळी किती धरता, पावडर लावली का? स्पर्धेतला गट मॅनिप्युलेशन (हातचलाखी) की जनरल (सर्वसाधारण जादू)?

पत्तेवाला: मॅनिप्युलेशनच. पातळ पत्ते, पंधरा-सोळा. पावडर अर्थातच लावलीय.

विंगेतून: ग्लिसरीन लावा. बोटांना एक थेंब, काम झालं.

चौकटराणी: आधी हात कोरडे राहतात की घाम येतो ते कळू द्या. घामेजल्या हाताला ग्लिसरीन लावलं तर दिव्यांखाली पत्ते बोटाला चिकटतील.

पत्तेवाला: कोरडे. खूपच.

चौकटराणी: मग दोष अंगठ्याचा. झिंक स्टिअरेटने, म्हणजे त्या पावडरीने, पत्ते एकमेकांवरून सरकतात, म्हणून फॅन उघडतो. तीच पावडर अंगठ्यावर राहिली की पकड सुटते, तुम्ही जोर लावता, गठ्ठा वाकतो आणि दुसऱ्या पत्त्याची कड करंगळीतून निसटते. पत्ते पिशवीत घालून चिमूटभर पावडरीत हलवा, मग प्रत्येक पत्ता कापडाने पुसा. हात साबणाने धुवा. फॅनचा कॅट वेगळा, पामचा वेगळा. सहा पत्त्यांवर एकही दुहेरी निघाला नाही, तरच एकेक वाढवा.

विंगेतून: म्हणजे शेवटी ग्लिसरीनच की!

चौकटराणी: हात धुऊनही कोरडा राहिला तर फक्त अंगठ्याच्या पेराला, तेही पुसून. बाकी बोटांना नाही.

मधली_रांग: एवढा त्रास कशाला? मायक्रोत, म्हणजे टेबलापाशी दाखवायच्या छोट्या जादूच्या गटात जा. २०१८ ला बुसानमध्ये फिस्मची क्लोज-अपची (जवळून दाखवायच्या जादूची) ग्रां प्री, म्हणजे सर्वोच्च बक्षीस, एरिक चिएनने घेतली.

विंगेतून: आणि २०१२ ला ब्लॅकपूलमध्ये स्टेजची यू हो-जिनने, पत्त्यांच्याच मॅनिप्युलेशनवर! माणूस स्टेजवर उभा आहे, त्याला टेबलापाशी कशाला बसवता?

वेळापत्रक: अ‍ॅक्ट पाच ते दहा मिनिटांत हवा. नऊच्या आत बसवा, टाळ्यांत वेळ जातो.

पत्तेवाला: वेळेचं विचारलं नव्हतं. हात धुऊन सहा पत्ते केले, सगळे एकेकच. आठ पत्त्यांना पुन्हा दुहेरी.

चौकटराणी: आठला करंगळीची पकड बघा. पत्त्याचा कोपरा पेराच्या मधोमध येतो की टोकाला? टोकाला असेल तर गठ्ठा तळव्याकडे थोडा सरकवा. आणि व्हिडिओ समोरून नको, दोन्ही टोकांच्या खुर्च्यांवरून घेऊन बघा. परीक्षकांना कड दिसली, तर एकेक निघूनही उपयोग नाही.