पालक उगवतो आणि आठवड्यात मान टाकतो – सांगली, परसातला वाफा, मदत हवी आहे

परसदार
नमस्कार मंडळी. राहायला सांगलीत, गावभागात. जुनं घर आहे, मागं परस आहे, तिथं ६ बाय ४ फुटांचा वाफा केलाय. सकाळी सातपासून अकरापर्यंत ऊन, मग शेजारच्यांची भिंत आड येते. कढीपत्ता, गवती चहा, अळू सगळं झकास. पालकानं मात्र दोनदा रडवलंय.

पहिली पेरणी गौरी-गणपतीच्या आधी, दुसरी पितृपंधरवड्यात. दोन्ही वेळा ५० ग्रॅमचं अख्खं पाकीट रात्रभर भिजवलं आणि सकाळी वाफ्यात फोकलं. वर शेणखताचा हात फिरवला. सकाळ-संध्याकाळ झारीनं पाणी. सहाव्या दिवशी वाफा असा हिरवागार की मी फोटो काढून माहेरी पाठवला. आणि मग एकेक रोप आडवं. रात्री उभं असतं, सकाळी बघावं तर झोपलेलं. नळाकडच्या कोपऱ्यातून सुरू होतं आणि गोल गोल पसरत जातं. दुसऱ्या खेपेला शेवटी अकरा रोपं उरली, तीही पिवळट.

शिवाय एकाच दाण्यातून दोन-दोन, तीन-तीन रोपं निघतात. भेसळ आहे का म्हणून दुकानदाराला विचारलं तर तो नुसता हसला.

सासूबाई म्हणाल्या बंबातली राख टाक. टाकली. काही फरक नाही.

आता खरं कोडं सांगते. आज चौथी माळ. घटाची माती याच वाफ्याच्या कडेची घेतलीय, आणि घटातलं धान्य बोटभर वर आलंय, एकानंही मान टाकलेली नाही. मग मातीला दोष कसा द्यायचा? बी बदलू, की पालकाचा नादच सोडू?

खटपट्या
मंडईत १० रुपयाला जुडी मिळते. तुम्ही आतापर्यंत किती रुपयांचं बी जिरवलंत?

परसदार
हिशोब आमच्या घरात आधीच एकजण ठेवतो, तुम्ही नका कष्ट घेऊ.

गुंठाभर
ताई, मी मिरज तालुक्यातला, भाजीपाला करतो. नाद सोडू नका, पण आधी दोन गोष्टी बघून सांगा. एक, पडलेलं रोप हळूच उपटा आणि जमिनीला टेकतं तिथं देठ बघा. कात्रीनं कापल्यागत तुटलेला असंल तर कुरतडणारी अळी. ती दिवसा मातीत लपते, रात्री बॅटरी घेऊन गेलात तर सापडंल. तुटलेला नसंल तर गोष्ट वेगळी. दोन, बी कुठल्या रंगाचं होतं?

परसदार
काका, त्या अकरातलं एक आजच पडलं होतं, तेच उपटलं. तुटलेलं नाही. मातीच्या वर देठ चांगला जाड, गुलाबीसर आहे, पण मातीला टेकतो तिथं एकदम बारीक झालाय, दोऱ्यासारखा. रंग तपकिरी, ओलसर. बोटानं दाबलं तर साल सुटून आली. वरची दोन पानं अजून हिरवी, त्यांना काही पत्ताच नाही.

बी गुलाबी होतं. भिजवलेलं पाणी पण गुलाबी झालं होतं, मी दोन्ही वेळा ते ओतून दिलं आणि बी स्वच्छ धुवून पेरलं.

गुंठाभर
मग अळी नाही, मर आहे. मातीतल्या बुरशीचं काम. ओल साचली, रोपं दाटली की ती रोपाच्या मानेला धरते आणि शेजारच्याला लागत जाते, म्हणून तुम्हाला गोल दिसतंय.

आता रागावू नका. तो गुलाबी रंग म्हणजे बियाला लावलेलं बुरशीनाशक, बहुतेक थायरम. पाकिटावर बारीक अक्षरात विषारी म्हणून लिहिलेलं असतं बघा. बुरशीपासनं राखायला जे लावलं होतं तेच तुम्ही धुवून मोरीत सोडलं. भिजवायचं ते साधं बी. रंगीत बी कोरडंच टाकायचं आणि हात साबणानं धुवायचे. ते पाणी तुळशीला वगैरे घातलं नाही ना?

दुसरं म्हणजे दाटी. शेतात एकरी १०-१२ किलो बी लागतं, म्हणजे गुंठ्याला पाव किलोच्या थोडं वर. तुमचा वाफा २४ चौरस फूट. त्याला सहा-सात ग्रॅम बास. तुम्ही ५० टाकलं!

परसदार
तुळशीला नाही घातलं, देवाची कृपा. पण ५० ग्रॅमचं वाचून आमचे हे अर्धा तास हसत होते. मला वाटायचं थोडं मेलं तरी थोडं उरेल.

उतारावरची
मी साताऱ्याची, यवतेश्वरच्या बाजूला राहते. तुमच्या दुकानदाराला उगाच बोल लावलात. आपण ज्याला पालकाचं बी म्हणतो ते मुळात एक बी नसतंच. आपला देशी पालक बीटच्या कुळातला, त्याचा तो खडबडीत दाणा म्हणजे दोन-तीन फळं एकमेकांना चिकटून झालेला गठ्ठा. प्रत्येकात आपापलं बी. म्हणून एका दाण्यातून तीन रोपं. विलायती पालकाचं तसं नाही, त्याच्या एका दाण्यातून एकच रोप येतं. तेव्हा विरळणी करावीच लागते, चार बोटांवर एक ठेवायचं. उपटलेली कोवळी रोपं एरवी मी आमटीत टाकते, पण गुलाबी बियाची असतील तर सरळ टाकून द्या.

आणि राख आता थांबवा. राखेनं मातीचा सामू (पीएच) वर जातो. तुमच्याकडची काळी माती आधीच चुनखडीची, त्यात भर कशाला? आमच्या तांबड्या मातीत चिमूटभर चालून जाते.

परसदार
सासूबाईंना राखेचं तुम्हीच सांगा, मी नंबर देते. पण घटाचं काय? माती तीच, पाणीही रोज शिंपडतोच.

उतारावरची
घट कशावर बसवलाय तुमच्याकडे?

परसदार
परडीत. खाली पत्रावळ, वर माती, मध्ये घट.

उतारावरची
मग उत्तर तिथंच आहे की. परडी विणलेली, पत्रावळीलाही फटी, जास्तीचं पाणी खालून निघून जातं. वाफ्यातलं कुठं जातं? शिवाय गहू-ज्वारीचा दाणा मोठा, नऊ दिवस स्वतःच्या शिदोरीवर निभावतो, दसऱ्याला आपण तो टोपीत-पागोट्यात खोवतो आणि विषय संपला. त्याला महिनाभर त्या मातीत नांदायचं नसतं. पालकाला असतं.

गुंठाभर
बरोबर बोलल्या. ताई, वाफ्यात हातभर खड्डा घ्या, काठोकाठ पाणी भरा आणि किती वेळात जिरतंय ते सांगा. पहिलं पाणी धरू नका, दुसऱ्यांदा भरलेलं बघा.

परसदार
दुसऱ्यांदा संध्याकाळी सहाला भरलं. सकाळी सहाला बघितलं तर चार बोटं पाणी तसंच, त्यावर एक बिचारी मुंगी तरंगत होती.

खणताना अजून एक कळलं. वरची वीतभर माती वेगळीच आहे, गुळगुळीत, थरावर थर, सुकली की खपली धरते. २०१९ च्या पुराचा गाळ आहे हा. कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला धोक्याची पातळी ४५ फूट, तेव्हा पाणी ५७ च्या वर गेलं होतं. आमच्या परसात कंबरेवर होतं. घर धुतलं, परस तसाच राहिला. पुराचा गाळ म्हणजे सोनं, असं सगळे म्हणाले म्हणून आम्ही तो जपून ठेवला.

गुंठाभर
शेतात नांगरून खाली-वर केला तर सोनं. परसात तसाच बसला तर फरशी. आता असं करा. वाफा सपाट ठेवू नका, वीतभर उंच गादी करा. गाळ फोडून त्यात निम्म्याला निम्मं कुजलेलं शेणखत नाहीतर पालापाचोळ्याचं खत आणि दोन घमेली जाड वाळू. शेणखत हातात घेतल्यावर शेणाचा वास आला तर ते कच्चं, वापरू नका. ओळी वीतभर अंतरानं, बी नखभर खोल. पाणी फक्त सकाळी, तेही बोट खुपसून माती कोरडी लागली तर. संध्याकाळच्या पाण्यानं रात्रभर मान ओली राहते.

साधं बी मिळालं तर शेणखतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला मारणारी उपयोगी बुरशी) कालवून ओल्या पोत्याखाली सावलीत आठवडाभर ठेवा, मग गादीत मिसळा. गुलाबी बियाच्या जोडीला ते नको. ट्रायकोडर्मा ही पण बुरशीच, औषध तिलाही मारंल.

रानवाट
घरी खायच्या भाजीला रासायनिक बी सुचवणं पटलं नाही.

गुंठाभर
दोन्ही सांगितलंय दादा, त्यांनी निवडावं. बियावरचं औषध चिमूटभर असतं. उभ्या पालेभाजीवर फवारतात त्याच्यावर बोला, मी पण येतो बोलायला.

परसदार (दिवाळी पाडवा)
कोजागिरीला पेरलं, आज सोळावा दिवस. साधं बी मिळालं, ट्रायकोडर्मावालं खत घातलं. गादीवर तीन ओळी. आणि मुद्दाम एक ओळ जुन्या सपाट जागेत, तेच बी, तेच पाणी. गादीवरची पाच रोपं पडली, बाकी सगळी ताठ. सपाटातली निम्म्याहून जास्त गेली. म्हणजे मी बियाला उगाच शिव्या घातल्या. दुकानदाराला फराळाचं ताट नेऊन दिलं.

परसदार (त्रिपुरी पौर्णिमा)
आज पहिली कापणी! जमिनीपासून तीन बोटं वर कापला, गाभा ठेवला. दोन जुड्या भरल्या. डाळ-शेंगदाणे घालून पातळ भाजी झाली. सासूबाईंनी दुसऱ्यांदा वाढून घेतली आणि मग म्हणाल्या, राखेचा गुण असणार.

खटपट्या भाऊ, २० रुपये वसूल.

एकच शंका. पाच-सहा पानांवर पांढऱ्या वेड्यावाकड्या रेघा आहेत, कुणी पेनानं गिरगटल्यासारख्या. उजेडात धरलं तर एका रेघेच्या टोकाला पानाच्या आतच काहीतरी बारीक वळवळतंय.

गुंठाभर
नागअळी. तेवढी पानं खुडून पिशवीत गाठ मारून कचऱ्यात टाका, खताच्या ढिगात नको. फवारू काही नका, ती पानाच्या आत असते, वरच्या औषधानं सहसा मरत नाही. रोज सकाळी पाणी बघायला जाताच, तेव्हाच पानं उलटून बघत चला. पुढची कापणी पंधरा-वीस दिवसांत येईल.